उपग्रह वर, सौदा खाली

१९७५ सालच्या ऑगस्टमध्ये गुलबर्गा जिल्ह्यातल्या निवडक गावांत शाळेच्या नाहीतर पंचायतीच्या आवारात दहा फूट व्यासाची छत्री उभी राहिली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी तिला ताणून बसवलेली होती. तिच्या तारेला जोडलेला एक कृष्णधवल टीव्ही संध्याकाळी सुरू व्हायचा आणि त्यातून कन्नड ऐकू यायचे. बंगळुरूला तेव्हा टीव्ही नव्हता. राजधानीला तो मिळाला १९८१ साली. त्याच्या सहा वर्षे आधी मुंबई-कर्नाटकातला विजापूर आणि हैदराबाद-कर्नाटकातले रायचूर व गुलबर्गा या मागास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत लोक पडद्यासमोर बसू लागले होते.

हा 'साइट' नावाचा प्रयोग. उपग्रहावरून थेट खेड्यात शिक्षण पोहोचवायचे, असा त्याचा उद्देश. सहा राज्यांतले वीस जिल्हे आणि सुमारे २४०० गावे त्यासाठी निवडली होती. कर्नाटकातून वरचे तीन जिल्हे घेतले होते, बीदर त्यात नव्हता. शेजारच्या आंध्रातले मेदक आणि महबूबनगर होते. म्हणजे १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानाच्या, पुढे राज्याच्या, छत्राखाली मराठी, कन्नड आणि तेलुगू मुलूख एकत्र नांदले, त्याच्याच तुकड्यांवर हा उपग्रह मोठ्या प्रमाणात काम करत होता. मराठवाड्याचा तुकडा मात्र महाराष्ट्रात गेलेला आणि महाराष्ट्र प्रयोगाच्या यादीत नव्हता. त्यामुळे गुलबर्ग्याच्या आळंद तालुक्यात, जिथे अनेक घरांत मराठी आणि बाजारात मराठी-कन्नड दोन्ही भाषा चालतात, तिथे उपग्रह आला तोही कन्नड बोलत. कन्नड आणि तेलुगू कार्यक्रम हैदराबादच्या केंद्रात तयार होत. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. हा वेळ चार भाषांत वाटून दिलेला. अर्ध्या तासाचा समाईक कार्यक्रम दिल्लीहून येई. देशात आणीबाणी लागून सव्वा महिना झाला होता. दिल्लीहून काय येणार हे वेगळे सांगायला नको.

या सगळ्यात भारताच्या मालकीचे काय होते? उपग्रह तर नव्हताच. 'एटीएस-६' अमेरिकेच्या नासाचा. ३० मे १९७४ रोजी तो सुटला, वर्षभर अमेरिकेच्या डोक्यावर राहिला आणि मग करारानुसार हळूहळू सरकवत ३५ अंश पूर्व रेखांशावर आणला गेला. हा करार भारताचे अणुऊर्जा खाते आणि नासा यांच्यात १८ सप्टेंबर १९६९ रोजी झाला होता. करारामागची दृष्टी विक्रम साराभाईंची. प्रयोग पाहायला ते राहिले नाहीत. १९७१ च्या डिसेंबरअखेर ते गेले. अहमदाबादला तो पार पाडणाऱ्यांत मराठी नावे ठळक होती. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस कार्यक्रमाचे व्यवस्थापक होते आणि प्रकल्पाच्या तांत्रिक बाजूची धुरा प्रमोद काळे यांच्याकडे होती.

करारातली खरी हुशारी कामाच्या वाटणीत होती. अमेरिकेने आकाशातला तुकडा द्यायचा आणि जमिनीवरचे सगळे भारताने करायचे. संच बनवले हैदराबादच्या 'इसीआयएल'ने. संदेश वर पाठवणारे केंद्र, कार्यक्रम, दुरुस्तीची पथके, वीज नसलेल्या गावांत बॅटऱ्या, संचाची राखण करणारा गावातला माणूस, बहुतेक वेळा शाळेचे मास्तर, हे सगळे इथले. काही गावांत तर समाजशास्त्राचे अभ्यासक महिनोन् महिने राहिले आणि टीव्ही आल्यावर गावात काय बदलते, काय बदलत नाही, याच्या नोंदी करत बसले. १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये हजारो प्राथमिक शिक्षकांना याच संचांवरून विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण दिले गेले.

३१ जुलै १९७६ ला मुदत संपली. उपग्रह मालकाकडे परत निघाला. अमेरिका मुदत वाढवून देईल का, आणखी एक वर्ष मिळेल का, याची चर्चा झाली, आशाही होती. पण करार एका वर्षाचा होता आणि तो पाळला गेला. छत्र्या आकाशाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, वरून काही येईना. तरीही प्रयोग फसला नाही, कारण जमिनीवरचा भाग आपल्याकडे उरला होता. १९७७ मध्ये गुलबर्ग्याला दूरदर्शनचे जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. प्रयोगाच्या सहा भागांत अशी केंद्रे काढली गेली. माणसे शिकलेली होती आणि तीच पुढे इन्सॅटच्या कामाला लागली. इन्सॅट-१ए १९८२ साली वर गेला आणि पाच महिन्यांतच निकामी झाला. १९८३ च्या ऑगस्टमध्ये गेलेला इन्सॅट-१बी टिकला आणि टीव्ही देशभर पसरला.

गुलबर्ग्याच्या या एका वर्षात पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे. उपग्रह कोणाचा, हा प्रश्न ऐकायला भारी वाटतो; पण तो तुमच्या उपयोगाचा होतो की नाही हे ठरते जमिनीवर. ज्यांनी उपग्रह कंपन्या विकत घेण्याच्या बातम्यांवर पुढे पैसे लावले, त्यांतल्या अनेकांना हे फार महागात शिकावे लागले.

तारा आणि लहरी

उपग्रहाच्या आधीही असे सौदे झाले होते आणि त्यांतला एक पुणे जिल्ह्यातच. १९२७ साली खडकीला प्रक्षेपक आणि दौंडला ग्राहक केंद्र उभारून इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने इंग्लंडशी बिनतारी संदेशवहन सुरू केले. मार्कोनीच्या 'बीम' पद्धतीने लघुलहरी एका दिशेने रोखून सोडता येत. समुद्रतळावर हजारो मैल केबल टाकण्याच्या खर्चापुढे हा प्रकार फारच स्वस्त. केबल कंपन्यांचे धाबे दणाणले. साम्राज्याच्या संदेशवहनाची नस आपल्या हातून जाईल म्हणून लंडनमध्ये परिषदा झाल्या आणि १९२९ मध्ये तिथे केबल आणि बिनतारी कंपन्यांचे एकत्रीकरण झाले. भारतात त्याचीच प्रतिकृती १९३२ साली आली: इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी. स्वस्त तंत्राने महागड्या तंत्राला हरवायचे, तर महागड्याने स्वस्ताला पोटात घातले.

१ जानेवारी १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या साडेसात महिने आधी, सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली. तिचे ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे खाते झाले. परदेशी फोन म्हणजे नंबर नोंदवून तासन् तास वाट पाहणे, आवाज येईल तेव्हा मोठ्याने ओरडणे, असा तो काळ. तो बदलला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या आर्वी गावात. सुमारे ९७ फूट व्यासाचा अवाढव्य अँटेना तिथे उभा राहिला आणि भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. हिंद महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाशी ते बोलायचे. साराभाईंच्या मृत्यूनंतर त्याला त्यांचेच नाव मिळाले: विक्रम भूकेंद्र.

इंटेलसॅटही तेव्हा कंपनी नव्हती. १९६४ साली स्थापन झालेली, सदस्य देशांनी मिळून चालवलेली ती संघटना होती आणि तिच्यात भारताच्या वतीने हेच खाते बसायचे. म्हणजे गुलबर्ग्याला आला तो उसना उपग्रह आणि आर्वीला दिसायचा तो भागीतला. १ एप्रिल १९८६ रोजी खात्याची कंपनी झाली: विदेश संचार निगम लिमिटेड, सगळ्यांच्या तोंडी व्हीएसएनएल. मुख्यालय मुंबईत फोर्ट भागात. देशाबाहेरचा प्रत्येक फोन, टेलेक्स, पुढे १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट, सगळे हिच्यातून. मक्तेदारी असल्यामुळे तिजोरी भरत गेली. अशा कंपनीवर कोणाची नजर जाणार नाही?

दिघीच्या आवारातला सहासष्टांचा ताफा

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जगभर एक लाट उसळली. खिशातला फोन थेट उपग्रहाशी जोडायचा. टॉवर नको, तारा नकोत. या लाटेचे सर्वांत मोठे नाव इरिडियम. मागे मोटोरोलाचे बळ, ६६ उपग्रहांचा ताफा आणि पाच अब्ज डॉलरच्या आसपास खर्च. दक्षिण आशियासाठी तिचे गेटवे केंद्र पुण्याजवळ दिघीला, व्हीएसएनएलच्या आवारात. इरिडियम इंडिया टेलिकॉम या भारतीय कंपनीत देशातल्या मोठ्या वित्तसंस्थांचे पैसे होते. म्हणजे शेवटी ते सामान्य ठेवीदाराचेच.

१ नोव्हेंबर १९९८ रोजी सेवा सुरू झाली. फोन हजारो डॉलरचा, विटेएवढा आणि छपराखाली चालत नसे. मिनिटाचा दर ऐकून व्यापारी पाठ फिरवत. तोपर्यंत साधा मोबाइल शहरांत पोहोचलाच होता. १३ ऑगस्ट १९९९ ला, नऊ महिन्यांत, इरिडियमने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मग सुरू झाला अफवांचा हंगाम. कोण घेणार? अमेरिकन मोबाइल उद्योगातले बडे प्रस्थ क्रेग मॅकॉ घेतील असे महिनोन् महिने बोलले गेले. मार्च २००० मध्ये त्यांनी माघार घेतली आणि चर्चा एकदम उलट्या टोकाला गेली: सगळे ६६ उपग्रह वातावरणात जाळून टाकायचे. आकाशात धडधाकट फिरणारा ताफा, पण घ्यायला कोणी नाही. शेवटी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने दोन वर्षांसाठी सुमारे ७.२ कोटी डॉलरचे काम दिले, तेव्हा कुठे डिसेंबर २००० मध्ये एका नव्या गटाने तो अख्खा ताफा उचलला, अवघ्या अडीच कोटी डॉलरला. पाच अब्जांची वस्तू तिच्या अर्ध्या टक्क्यात. वाचवले ते एका निश्चित गिऱ्हाइकाने, तंत्राच्या थोरवीने नव्हे.

मॅकॉंनी तेव्हा दुसरी दिवाळखोर उपग्रह कंपनी घेतली, आयसीओ. व्हीएसएनएलचे पैसे तिच्यातही गुंतलेले होते. सरकारी मक्तेदार कंपनीलाही या लाटेत भिजायचा मोह आवरला नव्हता. इकडे इरिडियम इंडियाने पुण्यात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मोटोरोलाविरुद्ध फसवणुकीची तक्रार केली: प्रकल्पाबद्दल खोटे चित्र रंगवून आमच्याकडून पैसे काढले. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती रद्द ठरवली. ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला आणि कंपनीवरही फौजदारी गुन्ह्याचा खटला चालू शकतो असे म्हटले. कंपनीला मन नसते, मग तिचा हेतू कसा ठरवायचा, या प्रश्नावर भारतीय वकील आजही या निकालाचा आधार घेतात. उपग्रह आकाशात होते. पण त्यांचा हिशेब पुण्याच्या कोर्टात मागावा लागला.

फेब्रुवारी २००२

वाजपेयी सरकारने सार्वजनिक कंपन्या विकायला काढल्या, त्यासाठी वेगळे निर्गुंतवणूक खातेच केले आणि ते अरुण शौरींकडे दिले. व्हीएसएनएल यादीत होतीच. बाजारात रोज नवे नाव यायचे. परदेशी कंपनी येणार, देशी मोबाइलवाले येणार, दोघे मिळून येणार. दरम्यान तिच्या किमतीखालची जमीन सरकत होती. आंतरराष्ट्रीय दूरध्वनीवरची मक्तेदारी मार्च २००४ पर्यंत राहील असे आधी ठरले होते. सरकारने ती दोन वर्षे आधी, ३१ मार्च २००२ लाच संपवायचे जाहीर केले. म्हणजे घेणाऱ्याला नवऱ्या मुलीबरोबर आंदण मिळणार होते ते लग्नाआधीच निम्मे झाले. त्यातही विक्रीपूर्वी सरकारने कंपनीच्या गंगाजळीतून मोठा विशेष लाभांश काढून घेतला.

शेवटी रिंगणात दोनच उरले: टाटा आणि रिलायन्स. विक्रीला होता २५ टक्के हिस्सा आणि त्याबरोबर व्यवस्थापन. ५ फेब्रुवारी २००२ ला निकाल जाहीर झाला. सरकारची राखीव किंमत होती सुमारे १,२१८ कोटी. रिलायन्सची बोली सुमारे १,३४७ कोटी. टाटांच्या पॅनाटोन फिनव्हेस्टची १,४३९ कोटी, म्हणजे समभागामागे २०२ रुपये. दोन्ही बोलींत शंभर कोटींच्या आतला फरक. आठवड्याभरात सूत्रे हलली. त्यानंतर टाटांनी त्याच भावाने सामान्य भागधारकांकडून आणखी २० टक्के घेतले. सरकारकडे २६ टक्क्यांच्या वर हिस्सा उरला.

टाटांनी विकत काय घेतले? आर्वीचा तो प्रचंड अँटेना नव्हे. तोपर्यंत परदेशी वाहतुकीचा मोठा भाग पुन्हा समुद्रतळावर गेला होता. मुंबईला उतरणाऱ्या प्रकाशतंतूंच्या केबलींपुढे उपग्रहाचा आवाज उशिरा पोहोचायचा आणि महाग पडायचा. १९२७ साली ज्या केबलला लहरींनी घाबरवले, तिनेच पाऊणशे वर्षांनी नव्या रूपात लहरींना मागे टाकले. टाटांना हवा होता परवाना, केबल किनाऱ्याला लागते ती जागा, मोठ्या कंपन्यांची गिऱ्हाइकी आणि शिल्लक रोकड. टाटांच्या मोबाइल-टेलिफोन कंपनीला नेमकी पैशांची गरज होती.

तिथेच ठिणगी पडली. मे २००२ च्या अखेरीस व्हीएसएनएलच्या संचालक मंडळाने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये १,२०० कोटी रुपये गुंतवायचे ठरवले. ज्या कंपनीसाठी १,४३९ कोटी मोजले, तिच्याच तिजोरीतून बाराशे कोटी घरच्या दुसऱ्या कंपनीकडे. व्हीएसएनएलचा भाव कोसळला. दूरसंचारमंत्री होते प्रमोद महाजन. जन्म महबूबनगरचा, वाढ अंबाजोगाईची. जुन्या हैदराबाद मुलखातला हा माणूस मुंबईच्या उद्योगविश्वात सहज वावरायचा. त्यांनी उघड आक्षेप घेतला: सरकारचा २६ टक्के हिस्सा असताना हा निर्णय असा कसा होतो? शौरींचा सूर वेगळा होता. भागधारकांच्या करारात काय लिहिले आहे ते पाहा, असा. एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री एकाच सौद्याकडे दोन टोकांनी पाहत होते आणि वर्तमानपत्रांना रोज पहिल्या पानाची बातमी मिळत होती.

दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते, हेच या प्रकरणातले खरे शिक्षण. विकणाऱ्याने नियंत्रण दिले होते. नियंत्रण म्हणजे पैसे कुठे लावायचे हे ठरवण्याचा अधिकार. आणि विकणारा अजूनही मोठा भागीदार होता. भागीदाराचे पैसे परस्पर दुसरीकडे वळवणे हा त्याच्यावर अन्यायच. विक्रीचा करार बारकाईने लिहिला असता तर हा प्रश्न मे महिन्यापर्यंत शिल्लकच राहिला नसता. बोली कोण जिंकणार यावर इतकी वर्षे चर्चा झाली; जिंकणाऱ्याने दुसऱ्या दिवशी काय करायचे आणि काय करायचे नाही, यावर झाली नाही. जानेवारी २००३ च्या अखेरीस महाजन मंत्रिमंडळातून पक्षकार्याला गेले आणि दूरसंचार खाते आले शौरींकडे. विकणाराच आता विकलेल्या वस्तूचा पालक झाला.

हरलेला आणि जिंकलेला

बोलीत हरलेले रिलायन्स गप्प बसले नाही. इंग्लंडपासून जपानपर्यंत जाणारी 'फ्लॅग' ही समुद्री केबल त्यांनी २०.७ कोटी डॉलरला घेतली. सौदा २००४ च्या जानेवारीत पूर्ण झाला. गंमत अशी की फ्लॅगची केबल मुंबईला जिथे उतरायची ती जागा व्हीएसएनएलच्या ताब्यात. केबल एकाची, दार दुसऱ्याचे. क्षमता वाढवू देण्यावरून दोघांत जुंपली, प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले आणि २००६ मध्ये लवादाने फ्लॅगच्या बाजूने कौल दिला.

टाटांनीही हात आखडता घेतला नाही. कालपर्यंत विकली जाणारी व्हीएसएनएल आता स्वतः विकत घेऊ लागली. २००४ मध्ये टायकोचे जगभर पसरलेले केबलजाळे १३ कोटी डॉलरला. त्यावर मूळ खर्च अब्जावधींचा झाला होता. पुढच्या वर्षी कॅनडाची टेलिग्लोब सुमारे २३.९ कोटी डॉलरला. अडचणीत आलेल्यांची मालमत्ता पडत्या भावात उचलून व्हीएसएनएल जगातल्या मोठ्या वाहक कंपन्यांत जाऊन बसली. २००८ मध्ये नावही बदलले: टाटा कम्युनिकेशन्स.

सौद्यात सगळ्यांत जास्त रेंगाळली ती जमीन. व्हीएसएनएलकडे दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि पुण्यात मिळून ७७३ एकर जादा जमीन होती. त्यातली ५२४ एकर एकट्या दिघीची. बिनतारी संदेशवहनाला मोकळे रान लागते म्हणून घेतलेली ही जमीन. दरम्यान शहर दिघीपर्यंत येऊन पोहोचले आणि रानाचे सोने झाले. ती जमीन २५ टक्क्यांच्या किमतीत जाऊ नये म्हणून करारातच अट घातली होती: ती वेगळ्या कंपनीत काढायची. त्यासाठी २००५ साली हेमिस्फिअर प्रॉपर्टीज नावाची कंपनी काढली. प्रत्यक्षात विभाजन पार पडले २०१९ मध्ये आणि तिचे समभाग बाजारात आले ऑक्टोबर २०२० मध्ये. सौदा आठवड्यात उरकला, त्याची जमीन मोजायला सतरा-अठरा वर्षे गेली. आणि मग मार्च २०२१ मध्ये सरकारने उरलेला २६.१२ टक्के हिस्सा विकून पूर्ण काढता पाय घेतला. त्यातल्या बाजारात विकलेल्या भागाची किमान किंमत होती समभागामागे १,१६१ रुपये. २०२ रुपयांना विकणाऱ्यांना दूषणे देणारे आणि तेव्हा हिस्सा राखून ठेवणाऱ्यांचे कौतुक करणारे, दोन्ही पक्ष या आकड्याकडे बोट दाखवू शकतात.

आता पुन्हा तोच हंगाम

गेल्या काही वर्षांत नावे बदलली, खेळ तोच राहिला. मार्च २०२० मध्ये वनवेब दिवाळखोर झाली. जुलैमध्ये ब्रिटिश सरकार आणि सुनील मित्तल यांची भारती यांनी प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून ती उचलली. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोटाहून इस्रोच्या रॉकेटने तिचे ७२ उपग्रह वर नेले. २०२३ च्याच सप्टेंबरात वनवेब फ्रान्सच्या युटेलसॅटमध्ये विलीन झाली. आर्वी ज्या इंटेलसॅटशी बोलायचे, ती संघटना २००१ मध्ये खासगी कंपनी झाली, कर्जात बुडाली, वर आली आणि २०२५ च्या जुलैमध्ये लक्झेंबर्गच्या एसईएसने तिला गिळले. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले. दुर्गम भागांसाठी निवडलेल्या जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिमबरोबर धाराशिवचेही नाव आहे. धाराशिवचा उमरगा तालुका ओलांडला की एका बाजूला कलबुर्गीचा, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याचा, आळंद, दुसऱ्या बाजूला बीदरचा बसवकल्याण. तीच काळी जमीन, तीच तूर, तीच सोयरीक आणि वर फिरणारे उपग्रहही तेच. इरादापत्र मात्र राज्याच्या वेशीवर थांबते. १९७५ मध्ये उपग्रह आळंदला दिसला आणि उमरग्याला नाही; या वेळी पाळी उलट आहे. दोन्ही वेळा भेद वर झालेला नाही, सरकारी कागदावर झाला आहे.

म्हणून सीमाभागाने या बातम्या कशा वाचाव्यात, हे मागच्या पन्नास वर्षांनी पुरेसे स्पष्ट केले आहे. अमुक कंपनी तमुक घेणार, यावर समभागवाल्यांनी खुशाल पैजा लावाव्यात. आळंद, भालकी, औराद आणि बसवकल्याणच्या लोकांनी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. भूकेंद्र कुठे आहे आणि कोणाच्या ताब्यात? महिन्याचे पैसे शाळा भरणार, पंचायत भरणार की घरटी वसूल होणार? बिघडलेला संच दुरुस्त करायला माणूस कुठून येणार? कंपनी उद्या विकली गेली तर नव्या मालकावर हीच बांधिलकी राहील, असे करारात लिहिले आहे का? साइटच्या वर्षी या प्रश्नांची उत्तरे आधी तयार होती, म्हणून उपग्रह गेल्यावरही हातात काही उरले. व्हीएसएनएलच्या वेळी ती सौदा झाल्यावर शोधावी लागली, म्हणून मंत्री एकमेकांशी भांडले आणि जमीन दीड तप अडकली. या वेळी ती मागायची असतील तर बंगळुरू आणि मुंबई या दोन्ही सरकारांकडे मागावी लागतील आणि तीही सही होण्याआधी.